दोघांत मिळून एक खेळाडू

स्टेनोबाईंचं उभं आयुष्य कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं टिपण्यात गेलं. वकील तावातावाने भांडायचे, साक्षीदार अडखळायचे, न्यायाधीश तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, आणि स्टेनोच्या यंत्राच्या बटणांवर बाईंची बोटं त्या सगळ्यांच्या मागे पळायची. निवृत्त झाल्यावर आता जरा आपलं स्वतःचं बोलू, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या मूत्रपिंडांनीही निवृत्ती घेतली.

मग डायलिसिस आलं. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, डाव्या हातात दोन जाड सुया घ्यायच्या आणि चार तास खुर्चीत पडून राहायचं. बाजूचं यंत्र अंगातलं रक्त काढून, धुऊन परत घालणार. तोवर सुयांचा हात तसूभरही हलवायचा नाही. वर पाणीही मोजून प्यायचं. घसा कोरडा पडला की सिस्टर वाटीतून बर्फाचा एक खडा देत. तो चघळायचा नाही, जिभेवर ठेवून पुरवून पुरवून चोखायचा.

बाईंच्या नाकावर राग आला तो तिथेच मुक्कामाला राहिला. सून त्यांना सोडायला येई आणि जाताना विचारी, "आई, काही आणू का येताना?"

"मूत्रपिंडं आण. जोडीच आण," बाई म्हणत.

सून बिचारी हसावं की रडावं या विचारात निघून जाई.

त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीत एक क्रेनवाला असे. चाळिशीचा, लांबलचक माणूस. पाय खुर्चीबाहेर लटकायचे. उंच इमारतींची कामं चालतात तिथली क्रेन तो चालवायचा, आजारपणाने ते सुटलं होतं. तो डावखुरा होता. कामाचा हात मोकळा राहावा म्हणून डॉक्टरांनी त्याच्या उजव्या हातात सुयांची सोय केली होती. त्याला बोलायची भारी हौस. बाईंना अजिबात नाही. पहिले काही आठवडे तो बोलला आणि बाईंनी छताकडे पाहिलं.

एके दिवशी मोठ्या सिस्टर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आल्या. वॉर्डातली कडक बाई, डॉक्टरसुद्धा त्यांना वचकून. त्यांनी खोक्यातून व्हिडिओ गेमचा एक जुनाट डबा काढला, वायरी टीव्हीला जोडल्या, एका कॅसेटवर फुंकर मारली आणि ती डब्यात खुपसली.

"लहानपणी मी आणि माझा भाऊ यावर जीव टाकायचो," त्या म्हणाल्या. "घर आवरताना माळ्यावर सापडला. इथे तुम्ही सगळे भिंतीकडे बघून बसता, ते मला बघवत नाही."

टीव्हीवर पांढरंशुभ्र मैदान उजळलं. बर्फच बर्फ. त्यावर बोटाएवढी माणसं हातात वाकड्या काठ्या घेऊन घसरत होती आणि एका काळ्या चकतीमागे लागली होती.

"आइस हॉकी," सिस्टर म्हणाल्या. "चकती समोरच्याच्या जाळीत घालायची. बाकी नियम खेळता खेळता कळतात. नाही कळले तरी चालतं."

"छळ करता का हो सिस्टर?" क्रेनवाला म्हणाला. "एवढा बर्फ डोळ्यांसमोर, आणि आम्हाला चोखायला एक खडा!"

खोलीत कितीतरी दिवसांनी हशा पिकला. बाईंनी मात्र तोंड फिरवलं. पण टीव्ही नेमका समोर होता, त्यामुळे फिरवलेलं तोंड थोड्या वेळाने परत जागेवर आलं.

अडचण अशी की खेळायला दोन हात लागतात. डाव्या अंगठ्याने दिशा, उजव्याने बटणं. आणि त्या खोलीत प्रत्येकाचा एकच हात मोकळा. क्रेनवाल्याने डाव्या हाताने खेळाचा रिमोट धरून पाहिला. त्याचा खेळाडू मैदानभर सुसाट घसरायचा, पण चकती मारायला अंगठा कुठला? दुसरा रिमोट घेऊन समोरून खेळणाऱ्या सिस्टर एका पाठोपाठ एक गोल करत सुटल्या.

"बाई," तो म्हणाला, "तुमचा उजवा मोकळाच आहे ना? मी वळवतो, तुम्ही मारा."

"मला नाही जमायचं असलं काही."

"जन्मभर बटणंच दाबलीत की तुम्ही! इथे तर तीनच आहेत. एक पास द्यायचं, एक मारायचं. तिसरं मलाही माहीत नाही."

दोघांच्या मधल्या लहानशा ट्रॉलीवर सिस्टरनी रिमोट पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. दिशेचं बटण बाईंच्या बाजूला आणि मारायची बटणं क्रेनवाल्याच्या बाजूला. त्यामुळे हात एकमेकांवरून न्यावे लागत. मनगटांची कात्री व्हायची. त्याचा हात खाली, बाईंचा वर. अशा रीतीने दोन आजारी माणसांचा मिळून एक खेळाडू तयार झाला.

तो खेळाडू ठार अडाणी निघाला.

"मारा, बाई, मारा!"

"तोंड जाळीकडे करा ना आधी! प्रेक्षकांत मारू का?"

"केलं होतं, तेव्हा तुम्ही मारलं नाही!"

"सांगितलं नाहीत!"

"आता बर्फावर पळताना अर्ज करू की काय?"

पहिल्या दिवशी ते असे हरले की काही विचारू नका. पण घरी जाताना गाडीत बाई सुनेला म्हणाल्या, "तो माणूस वळतो फार उशिरा." सुनेला काहीच कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की आज सासूबाई खिडकीबाहेर बघत न बसता आपणहून काही बोलल्या.

हळूहळू दोघांना एकमेकांची लय सापडत गेली. बर्फावरचा खेळाडू म्हटल्याबरोबर थांबत नाही, पुढे घसरत जातो. क्रेनवाल्याला हे ओळखीचं होतं. वर लोंबणारं वजनही असंच झोके घेतं, त्याला थांबवायचं तर थोडं आधीच उलटं ओढावं लागतं. तो तसं करायला लागला. बाईंनाही त्यांचं कसब आठवलं. कोर्टात वाक्य संपायची वाट पाहिली तर पुढचं हातचं जातं. शब्द येतोय तोच बोट तयार ठेवायचं. आता तो मनगट वळवायला लागला की बाईंच्या अंगठ्याला ते खालून कळायचं. बोलायची गरज उरली नाही. पडद्यावरच्या एका खेळाडूने चकती आडवी सरकवायची, गोलकीपर तिकडे वळायच्या आत दुसऱ्या खेळाडूने थेट हाणायची, हा डाव त्यांना साधला. ज्या दिवशी अशी चकती पहिल्यांदा जाळीत गेली, त्या दिवशी बाई ओरडल्या. खरोखर ओरडल्या. कोपऱ्यातल्या आजोबांची झोप मोडली.

टाळी द्यायला दोघांनी हात उचलले. त्याचा डावा, बाईंचा उजवा.

"एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात ते खरंय," क्रेनवाला म्हणाला. "दोघांचे दोन लागतात."

बाईंच्या मुलाला हे कळलं तेव्हा तो हौसेने नवाकोरा गेम घेऊन आला. त्यातले खेळाडू खऱ्या माणसांसारखे, कपाळावरचा घामसुद्धा दिसायचा. रिमोटवर मात्र पुढे, मागे, खांद्यावर, पोटाशी, जिथे हात जाईल तिथे बटण. सामना सुरू व्हायच्या आधी इतकं काही विचारायचा, की नमनालाच घडाभर तेल. दुपारभर झटापट झाली आणि एकही चकती जाळीपर्यंत गेली नाही.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," बाई म्हणाल्या. "बाळा, तू प्रेमाने आणलास, तुझ्याकडेच ठेव. सिस्टर, आमचा लावा."

मुलाने कुतूहलाने विचारलं, "पण आई, त्यात एवढं आहे तरी काय?"

बाईंनी जरा विचार केला. "लगेच सुरू होतो, लगेच संपतो, आणि हरलं की 'परत एकदा' म्हणावंसं वाटतं. मला तीन बटणं पुरतात रे. बाकीचं मी आणि क्रेनवाले बघून घेतो."

तेव्हाच त्यांच्या मनात आलं, की हा खेळ बनवणारी माणसं कुठल्याशा खोलीत बसली असतील, चहा गार होईपर्यंत भांडली असतील, की हा बोटाएवढा माणूस किती घसरावा. त्यांना काय ठाऊक, इतक्या वर्षांनी त्याच्यावर कोण विसंबणार आहे! बरं झालं, नीट भांडले.

मग एक दिवस उजाडला तो बाईंच्या परीक्षेचा. सामना रंगात आला होता, सिस्टरशी बरोबरी चालली होती. क्रेनवाल्याने चकती पुढे काढली, वळला, जाळी मोकळी. बाईंनी मारलं नाही. तो पुन्हा वळला. पुन्हा नाही. तो चेष्टा करायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याच्या मनगटावरचा बाईंचा हात त्याला गार लागला. गार आणि ओला. आणि नेहमीपेक्षा जड.

"सिस्टर!" तो ओरडला. "बाईंचं बघा! हात गार पडलाय!"

बाईंचं यंत्र अजून गप्पच होतं. रक्तदाब मोजायची त्याची पाळी यायची होती. बाई स्वतः टीव्हीकडे बघत होत्या, पण बघत नव्हत्या. सिस्टरनी रिमोट टाकला आणि दोन ढांगांत खुर्ची गाठली. पाय वर, डोकं खाली, नळीतून सलाईन सुरू. दुसऱ्या सिस्टरने डॉक्टरांना हाक मारली. क्रेनवाल्याला उठता येत नव्हतं. त्याने एवढंच केलं, बाईंचा गार हात आपल्या मोकळ्या हातात धरून ठेवला आणि बडबडत राहिला. काय बडबडला ते त्याचं त्यालाही नंतर आठवलं नाही.

थोड्या वेळाने बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"गोल झाला का?" बाईंनी विचारलं.

"कसला होतोय!" क्रेनवाला म्हणाला. "मोकळी जाळी सोडलीत!"

डॉक्टर जाताना म्हणाले, की वेळेवर लक्षात आलं, आणखी थोडं राहून गेलं असतं तर जड गेलं असतं. संध्याकाळी न्यायला आलेल्या सुनेने हे ऐकलं आणि ती थेट क्रेनवाल्यापुढे जाऊन उभी राहिली. बाईच म्हणाल्या, "अगं, आभार मान की त्यांचे. मी मानले तर म्हणतील, पास मागतायत."

सून हसता हसता रडली. त्या दिवसापासून तीही खोलीतच थांबायला लागली, आणि दोघी सासू-सुना गाडीत खेळावरून वाद घालू लागल्या.

काही महिन्यांनी क्रेनवाल्याला मूत्रपिंड मिळालं. त्याच्या थोरल्या बहिणीने दिलं. तपासण्या कधीच्या चालू होत्या, पण त्याने मनाला आशा लावून घेतली नव्हती. शेवटच्या दिवशी दोघे नीट खेळलेच नाहीत. त्याला बाईंना सोडून जाताना अवघडल्यासारखं होत होतं आणि बाईंना ते दिसत होतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "खुर्ची रिकामी झाली की आनंद व्हावा अशी जगात एवढी एकच खोली असेल. जा. मागे बघू नका, घसराल."

शस्त्रक्रिया छान पार पडली. जंतूंच्या भीतीने त्याला बरेच दिवस कुणात मिसळायची बंदी होती, म्हणून तो हॉस्पिटलात येऊ शकला नाही. फोन मात्र करायचा. बाई सिस्टरच्या डाव्या हाताबरोबर खेळत, कधी सुनेच्या. चालून जायचं. तीच लय नव्हे, पण खेळ चालू राहिला.

बंदी उठल्यावर त्याने बाईंना घरी बोलावलं. डायलिसिस नसलेला दिवस होता. छोटं, उजेडाचं घर. बहीण तिथेच राहायला आली होती. ठेंगणी, ठसठशीत बाई, भावाच्या खांद्यालाही लागत नव्हती. समोर टीव्हीला तसाच जुना डबा जोडलेला. कुणाकडून तरी त्याने मिळवला होता.

"आज बघा मजा," तो म्हणाला. "आज आपल्या दोघांचे चारही हात मोकळे. होऊन जाऊ दे, समोरासमोर!"

बाईंनी पदर खोचला. सामना सुरू झाला आणि दोघांनाही घाम फुटला. बाईंनी आयुष्यात कधी दिशा दिली नव्हती. त्यांचा खेळाडू कडेच्या फळीला जाऊन धडकला आणि तिथेच नाचत राहिला. क्रेनवाल्याने कधी बटण दाबलं नव्हतं. तो ऐटीत वळून वळून जाळीपाशी पोचायचा आणि चकती घेऊन पुढे निघून जायचा. दोन्ही गोलकीपर नुसते उभे. बहिणीला हसून हसून पोट धरावं लागलं.

"अगं ताई, टाके आहेत तुझ्या पोटात!" तो ओरडला.

"भरलेत कधीच. आणा इकडे एक रिमोट. तुमच्यासारखे दोन आले तरी पुरून उरेन मी."

मग दोघे सोफ्यावर शेजारी सरकले. मधे उशी, उशीवर एक रिमोट. त्याचा डावा हात खाली, बाईंचा उजवा वर. दोघांचे उरलेले हात काय करावं न कळून मांडीवर पडून राहिले. बाईंना खालून त्याचं मनगट लागलं. उबदार होतं, जोमदार होतं. त्यांनी बाजूला बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. तिला काहीतरी बोलावं असं त्यांच्या फार मनात आलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमचे उपकार..."

"खेळा हो आधी," बहीण म्हणाली आणि बघता बघता तिने चकती त्यांच्या जाळीत घातली.

"बाई, लक्ष कुठाय?" क्रेनवाला कळवळला.

"तुम्ही वळलात उशिरा!" बाई म्हणाल्या. "चला. परत एकदा."