राखणदाराच्या पायातल्या लोंब्या

राखणदाराच्या पावलात अडकलेल्या भाताच्या लोंब्यांकडे प्रगती पाहत होती, आणि अवधूत तिच्याकडे. दोघांमध्ये डबा उघडा होता. भाकरी वाळत चालली होती. सोनिवलीच्या उंच पत्र्याच्या शेडमध्ये दुपार तापत गेली.

राखणदार म्हणजे चार मजली लोखंडी देह. अंबरनाथच्या भट्टीत ओतलेला, उल्हासनगरच्या गल्ल्यांत सांध्या-सांध्याने जुळवलेला, बारवी धरणावर पहाऱ्याला ठेवलेला. त्याच्या छातीतल्या कोठडीत बसून तो चालवायला अल्फाच, म्हणजे जन्मतःच दांडग्या रक्ताचा माणूस, लागे. आणि एवढ्या बळाने अल्फाचं डोकं फिरू नये म्हणून त्याच्या जोडीदार ओमेगाच्या, म्हणजे जिच्या वासाने अल्फा निवतो तिच्या, अंगाचा गंध कोठडीत ठेवावा लागे. हेंद्रेपाड्याचा अवधूत असा अल्फा होता. धरणाकाठच्या पाड्यावरची प्रगती त्याची ओमेगा. लग्नात तिने आपल्या गोधडीचा तुकडा कापून त्याला दिला होता. त्या तुकड्याला धुराचा, भाजलेल्या नाचणीचा आणि तिच्या मानेजवळच्या निनावी उबेचा वास होता.

"हा भात कुठला?" प्रगतीने अखेर विचारलं.

"काल चाचणी होती."

"कुठला, विचारलं मी."

"तुमच्या खाचरातला."

ती हसली. तिचं असं हसणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. "वा, जावईबापू! सासऱ्याच्या शेतात पहिल्यांदा आलात, तेही पायातलं न काढता."

पाड्याच्या हद्दीच्या दगडाशी राखणदार आपोआप थांबत असे. धरणाची भिंत वाढवण्यावरून दंगल झाली, त्यानंतर तसा कायदाच झाला होता: पाड्यातल्या एखाद्या ओमेगाने राजीखुशीने गंध दिल्याशिवाय यंत्राने हद्द ओलांडायची नाही. सात वर्षांत एकीनेही तो दिला नव्हता.

"दगडापाशी मी हात सोडून बसलो होतो," अवधूत म्हणाला. "थांबेलच म्हणून. पण हिरवा दिवा लागला गं. ते चालतच राहिलं."

"माझी गोधडी."

"सगळेच ठेवतात आत. मला काय माहीत, ते यंत्रही ती हुंगून तुझी राजीखुशी धरतंय!"

"वैदेहीमॅडमला माहीत होतं."

वैदेही जलमंडळाची अध्यक्षा. इतर अल्फा-ओमेगा जोडप्यांना लग्नाच्या परवान्यासाठी दोन वर्षं थांबावं लागे; यांचा परवाना तिने तीन दिवसांत, पेढ्यांच्या डब्यासह घरी पाठवला होता. निवडणुकीआधी तिला भिंत वाढवायची होती, आणि त्यासाठी पाडा परवा उठवायचा होता.

"देवमाणूस म्हणालास तू तिला. पाया पडलास."

"तूही पडलीस."

वर पत्रा तडतडला.

"मी कचेरीत जाते," प्रगती म्हणाली. "सांगते, मी राजी नाय. गंध परत द्या."

"अर्जाला तीस दिवस लागतात."

"मग तुकडा दे माझा. चुलीत घालते."

"सकाळीच अंबरनाथला नेला. अर्क काढलाय त्याचा. कुप्या भरल्यात." तो थांबला. "परवा पाडा पाडायला मी नाही म्हणालो, तर दुसऱ्या अल्फाला, समीरला बसवतील. त्याच्या कोठडीत तुझी कुपी असेल."

हे बोलताना त्याच्या अंगाचा तापल्या पितळेसारखा वास आंबट झाला. एरवी ती अशा वेळी आपलं मनगट त्याच्या नाकाशी धरी, आणि तो शांत होई. आता तिचा हात अर्ध्यावर आला आणि तिथूनच मागे गेला.

"समीरला घाई असते," तो म्हणाला. "मी बसलो तर हळू नेईन. तुमचं घर शेवटी घेईन. आईंना कोंबड्या धरायला वेळ मिळेल."

"कोंबड्या," ती म्हणाली.

"मग काय करू? दुसरं काय आहे माझ्या हातात?"

ती खाली बसली. लोखंडी बोटांच्या फटींतून एकेक लोंबी सोडवून ओढणीत घेऊ लागली. दाणे अजून हिरवे होते. दाबले की त्यांतून दूध येत होतं. अवधूत तिच्याशेजारी गुडघ्यांवर आला, पण लोंब्यांना हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

"प्रगती, तू सांगशील तसं करतो. परवा मी बसू, की नको?"

तिने ओढणीची गाठ मारली आणि उठून दाराकडे चालू लागली. तिचा गंध जवळून जाताच राखणदाराच्या कपाळावरचा दिवा हिरवा झाला, आणि कोणी न सांगता ते प्रचंड धूड तिला वाट देण्यासाठी एका गुडघ्यावर वाकलं.

"बसू की नको? एवढं तरी सांग!"

त्या वाकलेल्या देहाखालून ती बाहेर पडली आणि बारवीच्या, आपल्या पाड्याच्या रस्त्याला लागली.