बसथांब्यातली पांढरी गाडी

नलिनीबाईंच्या केदारला एकच खोड. घरामागे जागा असताना गाडी बसथांब्यातच लावायची! कारखान्यात मॅनेजर झाला अन् चार पावलं चालणं जिवावर यायला लागलं. बस मग रस्त्यातच थांबायची, लेकुरवाळ्या बाया ट्रकांच्या तोंडाशी उतरायच्या. नलिनीबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला, की याचं ठरलेलं उत्तर, "बसचं काय गं आई, कुठेही थांबते."

काल तर गाडी तिथेच ठेवून, किल्ली खिशात घालून, कंपनीच्या कामाला पुण्याला गेला.

आज सकाळी किलवणी रोडवर, अगदी घरासमोर, टँकर घसरून आडवा झाला, रस्ता बंद. केदारची लेक जुई अभ्यासाला मैत्रिणीकडे अलीकडच्या गलोंडा गावात, आणि तिचा बारावीचा पेपर सिल्वासात! जुईकडून कळताच पुण्याहून केदारचा फोन आला, "आई, वर्ष गेलं पोरीचं!"

"रडू नकोस, बघू दे," म्हणत नलिनीबाई ओट्यावर आल्या, अन् बघतच राहिल्या.

गलोंड्याहून आलेली बस टँकरपाशी थांबली होती. ड्रायव्हर चेतन शहराकडच्या ड्रायव्हरला फोनवर सांगत होता, "तू तिकडूनच वळ, मी इकडून वळतो." माणसं उतरून शेताच्या बांधावरून पलीकडच्या बसकडे निघाली. म्हाताऱ्यांना शटल रिक्षांनी आतल्या कच्च्या रस्त्यानं नेलं. कुणाचा हुकूम नाही, आरडाओरडा नाही! मुंग्यांच्या रांगेत बोट फिरवावं अन् रांग भलतीकडून पुन्हा जुळावी, तसं. बाईंच्या अंगावर काटा आला. रोज दारावरून जाणारी ही साधी बस, तिच्यात एवढा जीव!

"बाई, ही गाडी कोनाची?" चेतन ओट्याकडे बघत ओरडला. "वळायला हीच जागा. गलोंड्याला परीक्षेची पोरं उभी आहेत!"

त्या पोरांतच जुई होती. नलिनीबाईंची मान आयुष्यात पहिल्यांदा खाली गेली.

"माझ्या दिवट्याची! उचला!"

बांधावर गेलेली माणसं मागे फिरली. कुणी बिहारचा, कुणी खानदेशचा, कुणी इथलाच. "हईशा!" करत गाडी उचलून त्यांनी गटाराकडेला ठेवली. बस वळली, गेली, भरून आली. उतरलेली जुई "आजी, येते!" म्हणत बांधावरून पलीकडच्या बसकडे पळाली.

केदारचा पुन्हा फोन. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "चुकलो, आई. यापुढे गाडी घरामागेच."

"ऐक," नलिनीबाई साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रस्ता सगळ्यांचा असतो तोवरच तो सगळ्यांना तारतो. टँकर बिचारा घसरून पडला, त्याला गावानं वळसा घातला. तू मात्र रोज ठरवून आडवा पडत होतास, आणि तुला उचलायला वीस माणसं लागली!"