पात्यावरचं हळदकुंकू

मी एक जुनी सुरी आहे. मित्रांनो, घाबरू नका, मी कधी भाजीसुद्धा चिरलेली नाही! शीळफाट्याजवळच्या आमच्या गावात हळद लागली की टोकाला लिंबू टोचून मला नवरदेवाच्या हातात देतात. अक्षता पडेपर्यंत तो मला खाली ठेवत नाही. बायका गातात,

'हळद लागली बाळाला गं,
सुरी राखते जिवाला.'

शेवंतीबाईच्या देवघरात माझी जागा. लग्नघरचं कुणी मागायला आलं की ती माझ्या पात्याला हळदकुंकू लावते आणि मगच मला देते.

एके दिवशी फाट्यावर कुणीतरी सुरी दाखवून घोडबंदर रोडच्या एका माणसाला लुटलं. शेवंतीबाईचा मुलगा साईनाथ रिक्षा चालवायचा. संशयावरून पोलिसांनी त्याला धरलं, पण आईला कळवलंच नाही. एक हवालदार घरी आला.

"मावशी, घरात सुरी आहे का?"

"हाय की! लगीन कुनाचं, तुमच्या पोराचं?" तिने मला हौसेने हळदकुंकू लावलं. "लिंबू ताजं घ्या हां!"

तो हसला. पंचनाम्यात मात्र लिहिलं, साईनाथने गादीखाली लपवलेली सुरी स्वतः काढून दिली.

लुटलेल्या माणसाने कोर्टात साईनाथकडे बोट दाखवलं. त्याला शिक्षा झाली. मी मुद्देमालाच्या खोलीत, कागदाच्या पुडक्यात. लिंबाचा वास नाही, गाणं नाही. जीव नुसता तळमळायचा. माझ्या नावावर तो आत, आणि मला तोंड नाही!

अपिलात वकील योगिनीताईंनी ते पुडकं कोर्टात मागवलं. त्यावर सीलच नव्हतं.

"साहेब, ओळख परेडीआधीच साक्षीदाराला आरोपी चौकीत दाखवला होता. साक्षीदाराने तसं कबूल केलंय. आणि हा जप्तीच्या वेळचा फोटो. पात्यावर ताजं हळदकुंकू! गादीखाली लपवलेल्या सुरीची पूजा कोण करतं?"

न्यायाधीशांनी मला उलटसुलट करून पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी पाहिलं. "या पुराव्यावर विश्वास ठेवता येत नाही," ते म्हणाले. साईनाथ सुटला. मीही घरी आले.

मित्रांनो, कुणाला चोर म्हणण्याआधी जे समोर ठेवलंय ते हातात घेऊन नीट बघा. मुकी वस्तूही काही सांगत असते.

आज साईनाथची हळद. मला पाहताच त्याने हात मागे घेतला. शेवंतीबाईने त्याची बोटं माझ्या मुठीवर मिटवली.

"धर रं बाला. हिनंच सोडवलं तुला."

त्याने धरलंय. पण टोकावरचं लिंबू अजून थरथरतंय.