राखीव ओळ

मित्रांनो, मी एक जुनी आवक नोंदवही आहे. बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या चिंचवेढे नगरपरिषदेत येणारा प्रत्येक अर्ज आधी माझ्या अंगावर उतरे आणि मग साहेबांच्या टेबलावर जाई. लाल कापडी पाठ, जाड पुठ्ठा, तीनशे पाने असा माझा थाट होता. आवक लिपिक रोहिणीताई मला रोज सकाळी ओढणीने पुसत, तेव्हा मी जराशी मिरवतही असे.

पण मला एक खोड लावली गेली होती. रोज संध्याकाळी ताई शेवटच्या ओळीत क्रमांक टाकून ती मोकळी ठेवत. कार्यालय अधीक्षक मोहनरावांची तशी तोंडी सूचना होती. एखाद्या बड्या माणसाचा अर्ज मुदत संपल्यावर आला, की तो मागच्या तारखेच्या राखीव ओळीत अलगद बसवला जाई. कोणालाच त्यात वावगे वाटत नसे. मलाही नाही, हे कबूल करते.

गेल्या जानेवारीत, कार्यालय बंद होता होता, पणदऱ्याहून भाजी विकायला येणारी सारजाबाई हातात अर्ज घेऊन आली. तिच्या बसण्याच्या जागेशेजारी गटारावरची फरशी तडकली होती.

"लिहून घ्या बाई. आज हालतीया, उद्या कुणाचा तरी पाय मोडंल," ती म्हणाली.

त्या दिवसाची राखीव ओळच उरली होती. ताईंनी तिला माघारी पाठवले नाही, त्याच ओळीत अर्ज नोंदवला. मोहनरावांनी तो वाचला आणि फायलींच्या तळाशी सारला. अकराव्या दिवशी फरशी खचली आणि पाय सारजाबाईचाच मोडला.

तिने भरपाई मागितली. स्थायी समितीपुढे प्रश्न एकच होता, धोका नगरपरिषदेला आधी ठाऊक होता का? ठाऊक असेल तर भरपाई द्यावी लागणार होती, आणि ती हयगय करणाऱ्याच्या पगारातून वसूल होणार होती. मोहनरावांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. थोड्याच दिवसांत अर्जाचा कागद नाहीसा झाला. सारजाबाईकडे पोच नव्हती. आता तिचा पुरावा म्हणजे मी एकटी.

एके दिवशी मोहनराव ताईंना हळूच म्हणाले, "वही जीर्ण झालीय. नवीन उतरवून काढा, अन् ती ओळ नेहमीसारखी मोकळी ठेवा. ही जाऊ द्या रद्दीत."

ताई कचरल्या. तेव्हा त्यांनी शांतपणे आठवण करून दिली, की मागच्या तारखांच्या सतरा नोंदी ताईंच्याच अक्षरात आहेत.

शेजारी कोरी वही उघडली गेली. माझे एकेक पान तिच्यावर उतरत होते, आणि उतरलेले प्रत्येक पान मला मरणाच्या जवळ नेत होते. ते पान आले. लेखणी थांबली. ताईंनी कोरी वही मिटली.

समितीच्या सभेत त्या मला छातीशी धरून गेल्या. मोहनराव लगेच म्हणाले, ही ओळ मागाहून घुसडलेली आहे, या वहीत हे नेहमीचेच. मी शरमेने गारठले, कारण नेहमीचेच होते.

घाबरल्या की ताई घरच्या बोलीत बोलत. "व्हय, सतरा ओळी मी मागनं भरल्यात. एकेक दावते. पण ही त्यातली न्हाय."

तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकांनी मला खिडकीच्या उजेडात धरले. दुसऱ्या सकाळी नव्या दिवसासाठी मारलेला तारखेचा शिक्का जरा वर चढून सारजाबाईच्या नावावर पडला होता. नावाची शाई शिक्क्याच्या शाईखाली होती, म्हणजे नाव शिक्क्याआधीच लिहिलेले होते. ताईंनी दाखवलेल्या काही ओळींवरही असाच शिक्का चढला होता, पण तिथे नावाची शाई शिक्क्यावरून गेली होती, म्हणजे नाव मागाहून लिहिलेले होते.

सारजाबाईला भरपाई मंजूर झाली. मोहनरावांवर जबाबदारी निश्चित झाली. ताईंची एक वेतनवाढ थांबली, आणि नव्या वहीत त्या आता रोज शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारतात.

मी सीलबंद कपाटात आहे. त्या सतरा नावांची चौकशी अजून व्हायची आहे. मित्रांनो, वहीला कव्हर घातले नाही तरी चालेल, पण कोणाच्या सोयीसाठी तिच्यात ओळ राखून ठेवू नका. सारजाबाई खरे सांगायला आली होती, आणि तिला द्यायला आमच्याकडे खोट्यासाठी राखलेली जागाच उरली होती.