एका हाताचं प्रतिपिंड

धाकट्या भावाच्या स्नायूंत हाड धरू लागलं तेव्हा तो शाळेत होता. जरा कुठे आपटलं की सूज यायची आणि सूज उतरेपर्यंत आत हाड तयार. तिशीत त्याची मान आणि पाठ फळीसारखी झाली होती. मागून हाक आली की तो अख्खाच्या अख्खा वळायचा.

ताईने त्याच्यापायीच संशोधनाची वाट धरली, असं आई सांगायची. हाड बनवण्याचा निरोप बीएमपी नावाचं प्रथिन आणतं, पेशीवरचा रिसेप्टर तो ऐकतो. भावाच्या रिसेप्टरमध्ये जन्मतःच खोट होती. त्या रिसेप्टरला नसते निरोपही ऐकू यायचे. रिसेप्टरला बिलगून त्याचे कान बंद करील असं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, ताईने खपून बनवलं.

निरोप पोचला की प्रयोगशाळेच्या थाळीतल्या पेशी हिरव्या चमकतील, अशी सोय तिने केली होती. निरोगी पेशींवर प्रतिपिंड घातलं, थाळी अंधारली. मग भावाच्या रक्तातून वाढवलेल्या पेशींवर घातलं. थाळी लख्ख हिरवी झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

रविवारी ती त्याच्याकडे गेली.

"तोंड का उतरलंय?"

"आगीत तेल ओतलंय मी. तुझ्या पेशी उलट जास्तच चेकाळल्या."

"माझ्याच त्या, सरळ कशाला वागतील? पण हे तुझं चिकटतं कसं, दाखव तरी."

"त्याला दोन हात असतात. प्रत्येक हातात एकेक रिसेप्टर." सांगता सांगता तिने दोन हातांत दोन कप धरले. ते एकमेकांवर आपटले.

"चहा सांडलास."

"मीच जवळ आणतेय त्यांना," ती हळूच म्हणाली. "निरोगी रिसेप्टर जवळ येऊनही गप्प राहतात. तुझे मात्र शेजार मिळताच सुरू होतात. एक हात कापायला हवा."

"काप की. एका हाताने टाळी वाजत नाही."

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई साशंक होत्या. "पकड सैल पडेल."

पहिल्या खेपेला पडलीच. ताईने तो उरलेला हात बदलून पाहिला, पुन्हा बदलला. शेवटी एक टिकला. भावाच्या पेशींची थाळी अंधारली आणि अंधारीच राहिली.

बाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत होत्या. "याला औषध म्हणायला अजून फार अवकाश आहे."

"माहीत आहे."

"मग उंदरांच्या तयारीला लाग."

ताईने भावाला फोन केला. थाळी अंधारल्याचं आणि आता उंदरांवर करून बघायचं असल्याचं सांगितलं.

"किती वर्षं?"

"बरीच. जमेलच असंही नाही."

"वर्षं आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "तू कर."

तिने फोन ठेवला आणि उंदरांच्या पिंजऱ्यांना जागा आहे का, हे विचारायला खाली गेली.