वळचणीखालचा बर्फ

आमच्या गावात बर्फावर जीव टाकणारा माणूस एकच, आणि नेमकं त्याच्याशी माझं लग्न झालं.

योहेई, माझा नवरा, गावाचा स्कीचा उतार सांभाळतो. एक खुर्च्यांची लिफ्ट, एक उतार आणि पायथ्याशी एक टपरी. टपरीत मी नूडल्स करते. शेहेचाळीस वर्षं हेच चाललंय. बाकी आम्ही सगळ्या बायका बर्फाच्या वैरिणी. छपरावरून उतरवा, दारातून ओढा, रस्त्याकडेच्या वाहत्या पाटात ढकला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझे वडील छपरावरचा बर्फ काढायला कमरेला दोर न बांधता चढले होते. ते वळचणीखाली पडले आणि छपरावरचा उरलेला बर्फ त्यांच्या अंगावर आला; त्याखालीच ते गेले. मी चौदा वर्षांची होते. तेव्हापासून माझं फावडं रागानेच चालतं.

यंदा गावकचेरीचं पत्र आलं. मार्चचा दुसरा रविवार शेवटचा, त्यानंतर उतार कायमचा बंद. योहेईने ते घडी करून खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "बंद करू देत. पण एक दिवस तरी त्यावर माणसं घसरावीत आणि मग बंद व्हावा, तात्सुए. गवत दाखवत नको."

उताराच्या मध्यावर एक अरुंद जागा आहे. तिला आम्ही मान म्हणतो. बर्फ सगळ्यांत पातळ तिथेच असतो, म्हणून मापाची काठीही तिथेच रोवलेली. पन्नास सेंटीमीटर भरल्याशिवाय लिफ्ट चालवायची नाही, असा नियम आहे.

डिसेंबरच्या अखेरीस अठ्ठेचाळीस भरले. योहेई गुडघ्यावर बसून काठी वाचत होता आणि मी मागे उभी होते.

"पन्नास लिहा ना. दोनाने काय होतंय? कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय ना."

"आयुष्यभर सरळ वागून काय मिळवलंत हो?"

"तू मिळालीस. आता त्याचं काय करू?"

उद्या पडेल, परवा पडेल म्हणत थांबलो आणि पडला पाऊस. नव्या वर्षाच्या दिवशी मानेवर गवत होतं. जानेवारीत तीस आला, वीस गेला. फेब्रुवारीत हाडं गोठवणारी थंडी आणि वर निळंशार कोरडं आभाळ. पाहुणे त्या आभाळाचे फोटो काढत, आणि योहेई त्यांच्याकडे पाठ करून लिफ्टच्या चाकांना तेल घालत बसे. चाकं फिरलीच नव्हती, तरी रोज तेल. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

शेवटच्या रविवारच्या आधी, शुक्रवारी दुपारी, बर्फ सुरू झाला. मोठे, जड, ओले पुंजके. योहेई घरोघर फिरला. "उद्या दारातला बर्फ पाटात टाकू नका. घसरगाडीत भरून वर आणा. मानेवर पसरू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर त्याच्या शेजारीच उभी होते.

आमच्या आळीला पाटाच्या पाण्याची पाळी पहाटे पाच ते सहा. त्या तासात बर्फ ढकलला तर ढकलला, नाहीतर दिवसभर दारात. शनिवारी पाचला पाटाचं वरचं दार उघडलं आणि पाण्याचा आवाज आला. त्या आवाजाने आमच्याकडची बाई उठते ती डोक्याने उठत नाही. मी बूट घालून बाहेर होते. समोरून किनुए फावडं घेऊन आलीच. ती माझी बालमैत्रीण, आणि फावडं चालवण्यात माझ्यापेक्षा वरचढ.

"पाणी आलं गं."

"आलं बाई."

अर्ध्या तासात अंगण फरशीपर्यंत स्वच्छ. मग दारात योहेई दिसला, हातात घसरगाडीचा दोर धरून. त्याने अंगणाकडे पाहिलं, मग पाटाकडे.

"मेले हात," किनुए पुटपुटली.

"अहो, शिव्या तरी द्या," मी म्हटलं.

"कुणाला देऊ? सवयीला?" तो म्हणाला आणि एकटाच वर गेला. सगळ्या आळ्यांत हेच झालं होतं. मानेवर माप भरलं एक्केचाळीस.

त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी ओट्यावर बसून राहिले. किनुएने बाजूला फावडं टेकवलं.

"छपरं आहेत की."

"आपली तर कालच उतरवली."

"आपली नाहीत गं. रिकामी."

गावातली निम्मी घरं रिकामी आहेत. त्यांच्या छपरांवर कुणी चढत नाही. त्या रिकाम्या घरांच्या ओळीतलं पहिलं घर माझ्या वडिलांचं. पन्नास वर्षं मी त्या छपरावर पाय ठेवला नव्हता. किनुएने काही न विचारता माझ्या कमरेला दोर बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाली, "चल, म्हातारे. मी धरलंय."

आम्ही नऊ जणी होतो. खाली योहेईचा छोटा ट्रक. वडिलांच्या छपरावरचा सगळा बर्फ मी पूर्वेकडे उतरवायला लावला. पश्चिमेच्या वळचणीखाली जुना ढीग होता, त्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी भाताचे गोळे उभ्यानेच खाल्ले. उजेड उतरू लागला तेव्हा छपरं संपली होती आणि मानेवरचा बर्फ चापून बसवला होता.

योहेई गुडघ्यावर बसला.

"एकोणपन्नास."

डिसेंबरात मी त्याला जे म्हटलं होतं, ते आज माझ्या तोंडून निघेना.

मी घसरगाडी घेतली आणि खाली आले. वडिलांच्या घराच्या पश्चिमेला उभी राहिले. तो ढीग दरवर्षी एप्रिलपर्यंत राहतो. लहानपणी मी त्याला वळसा घालून शाळेत जायचे, मोठेपणी वळसा घालून बाजारात. फावडं उचललं, पण हात चालेना. पहाटे न विचारता चालणारे माझे हात.

"बाबा, थोडं सरका," मी म्हटलं. "योहेईला एकच कमी पडतोय."

मग भरत राहिले. पहिली खेप मी एकटीने मानेपर्यंत ओढली. दुसऱ्या खेपेला किनुए मागून ढकलू लागली. पाचव्या खेपेनंतर खाली जमीन लागली.

रविवारी सकाळी योहेईने काठी दोनदा वाचली. मग टोपी काढली. "पन्नास," तो म्हणाला, आणि लिफ्टचं बटण दाबायला गेला.

तेवीस माणसं आली. दुपारी तीनला पाऊस सुरू झाला, तेव्हा योहेईने मला हाक मारली. "बस."

"मी? मला कुठे स्की येतं?"

"बसता येतं ना?"

शेहेचाळीस वर्षांत मी त्या लिफ्टवर बसले नव्हते. बसले. वर जाऊन मागे पाहिलं तर रिकाम्या घरांची छपरं काळी, ओली, उघडी. पहिल्या घराच्या पश्चिमेला, वळचणीखाली, बर्फ नव्हता. तिथे पाऊस पडत होता.

त्याच लिफ्टने खाली आले. योहेईने हात धरून उतरवलं आणि मागून येणारी शेवटची खुर्ची रिकामी आहे हे पाहून चाक थांबवलं.

"काय दिसलं वरून?" त्याने विचारलं.

"जमीन," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.