डेकवर काय अंथरावं

ताईचं पत्र येऊन पाच महिने झाले होते, आणि उत्तर अजून गेलं नव्हतं.

पत्र म्हणजे नऊ ओळी. वडिलांच्या वेळची मासेमारीची बोट आता म्हातारी झाली होती. डेकवर कधीतरी चिकटवलेला गालिचा कुजला होता. तो खरवडून काढला, तर खालच्या दोन फळ्या नख लावलं तरी आत जाईल इतक्या भुसभुशीत निघाल्या. सुताराने त्या बदलल्या. आता वर काय अंथरायचं, एवढाच प्रश्न होता. "दुकानदार दहा नमुने दाखवतो आणि दहाही उत्तमच म्हणतो," ताईने लिहिलं होतं. "तू एवढं वाचतोस. नीट विचार करून कळव."

नीट विचार करून, हेच नडलं. ताईच्या या धाकट्या भावाने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथे त्यांना सगळे 'कानामात्रा' म्हणत, आणि आता बायकोही वैतागली की तेच म्हणे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली, त्यामुळे स्वतः एक ओळ लिहिली की तिच्यातही चूक असणारच, ही त्यांची खात्री. उत्तराचे आठ खर्डे झाले. पहिला कोरडा वाटला, दुसऱ्यात उगाच शहाणपणा डोकावत होता, पुढचे सहा या दोघांच्या मधे कुठेतरी लटकले. वाचनालयातून जहाजबांधणीवरचं जाडजूड पुस्तक आणलं, तर ते निघालं लोखंडी जहाजांचं. वही भरली, पण उत्तर काही ठरेना. मग उशीर झाला म्हणून लाज वाटू लागली, आणि लाजेपायी आणखी उशीर.

एका सकाळी भाच्याचा फोन आला. मासेमारी सुरू होऊन आठ दिवस झाले होते. सगळ्या बोटी पाण्यात गेल्या, आपली तेवढी किनाऱ्यावर ओंडक्यांवर टेकून उभी, असं तो सांगू लागला. मामांनी घाबरून इंजिनाची चौकशी केली. इंजिन ठणठणीत होतं. मग अडलंय कुठे, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्यापाशी, मामा," भाचा म्हणाला. "आई म्हणते, त्याला विचारलंय ना, मग त्याचं उत्तर येऊ दे. विचारायचं आणि उत्तराआधीच उरकून टाकायचं, तर विचारलंच कशाला?"

 फोनवरच सांगू का, असं मामा चाचरत म्हणाले खरे, पण सांगणार काय, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. शिवाय ताईला ऐकू कमी येई, आणि मुलाच्या तोंडच्या निरोपावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. त्याला काहीतरी चकचकीत आणून चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं होतं, हे ती ओळखून होती. मधे तू पदरचं काहीतरी घालशील, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं. हे सांगताना भाचा हसला, आणि मग त्याचा आवाज जरा खाली आला.

"काहीही लिहा मामा, पण लिहा. हा हंगाम किनाऱ्यावर गेला, तर ती पुन्हा बोटीवर चढायची नाही. म्हणणार नाही काही, पण मला दिसतंय ते."

त्याच दुपारी कानामात्रांनी जमिनीवर अंथरायचं सामान विकणारं दुकान गाठलं. बोटीसाठी हवंय असं सांगितलं, तर माणूस पुढचे प्रश्न विचारील आणि आपलं अज्ञान चव्हाट्यावर येईल, म्हणून त्यांनी न्हाणीघरासाठी हवंय असं ठोकून दिलं. दुकानदाराने लगेच बदकांची चित्रं असलेला गुलाबी तुकडा पुढे केला. नातवंडं खूश होतील, म्हणाला. कानामात्रांना नातवंडं नव्हती, तरी भिडेखातर ते पाच मिनिटं बदकांचं कौतुक करत राहिले. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं.

दुकानदार हसला नाही. मागच्या खोलीतून त्याने तीन नमुने आणले. एक उभ्या रेघांचं रबर, एक वाळू बसवल्यासारखा खरखरीत पट्टा, आणि एक भोकाभोकांची जाड, मऊ रबरी चटई, जी नुसती टाकायची आणि हवी तेव्हा उचलायची. आपण हे विकतो, पण बोटीवर पाऊल कधी ठेवलेलं नाही, हेही त्याने मोकळेपणाने कबूल केलं. तुकडे घरी न्या आणि पायांना विचारा, असा त्याचा सल्ला होता. एवढं प्रामाणिक वाक्य त्या जाडजूड पुस्तकात एकही नव्हतं, असं कानामात्रांना वाटलं, आणि त्यांनी त्याचे दोनदा आभार मानले.

घरी त्यांनी तिन्ही तुकडे न्हाणीघरात मांडले, पायजमा गुडघ्यांवर दुमडला, साबणाचं पाणी ओतलं, आणि एकेकावर उभे राहून वहीत नोंदी करू लागले. बायको दारात येऊन बघत राहिली.

"अहो, ताई बोटीवर साबण लावतात?"

कानामात्रांनी वही मिटली. बायको पिशवी घेऊन बाजारात गेली आणि मासे विकणारीकडून खवल्यांचा आणि आतड्यांचा बुळबुळीत पसारा घेऊन आली. बाईने तो फुकट दिला होता, वर कुत्रं पाळलंय का असंही विचारलं होतं. "पाळलंय म्हटलं," बायको म्हणाली. "वाचतं फार."

पसारा पडताच रेघांचं रबर गेलं. रेघा गाळाने भरल्या, कानामात्रांचा पाय सटकला, आणि बायकोने दंड धरला नसता तर नोंद करायला कोणी उरलं नसतं. खरखरीत पट्ट्याने मात्र पाय असा धरला की हलेना. ठरलं, असं ते मोठ्याने म्हणाले. मग अडकलेले खवले घासून काढायला त्याच पट्ट्यावर गुडघे टेकून बसले, आणि दोन मिनिटांत कळवळले. गुडघे सोलवटले होते.



ताई गुडघ्यांवरच बसत असे. जाळं वर आलं की सुकाणूच्या डाव्या अंगाला गुडघे टेकून ती दोन-दोन तास मासळी निवडी. वडील गेले आणि बोट तिने हाती घेतली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हे नऊचे. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती त्यांना बरोबर नेई आणि कोरड्या पेटीवर बसवी. ते मदतीला वाकले की हात झटकून टाकी. "हाताला वास लागेल, मग पुस्तकाला लागेल. तू वाच. मोठ्याने वाच, मला ऐकू दे." ते वाचत, ती निवडत राही. उठे तेव्हा तिच्या गुडघ्यांवर फळ्यांच्या फटींचे वळ उमटलेले असत. आता सुकाणू भाच्याकडे होतं, पण मासळी अजूनही तीच निवडी. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि पाच महिने ते पुस्तकांत शोधत होते.

"मी तिला कधी काही म्हटलंच नाही गं," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्या गुडघ्यांवर पाणी ओतलं. "मग आता म्हणा. चटईचं तरी लिहायचंच आहे."

भोकांच्या चटईवर त्यांनी गुडघे टेकून पाहिले. बोचलं नाही. गाळ भोकांतून खाली गेला, चटई जागची हलली नाही. हात न पुसताच ते टेबलाशी गेले.

'ताई,' त्यांनी लिहिलं, 'काहीही चिकटवायचं नाही. जुनं लाकूड कोंडलं की कुजतं, हे तू पाहिलंसच. सुकाणूपाशी तुझा मुलगा उभा राहतो, तिथे खरखरीत पट्टा घाल, पण सुट्या फळीवर ठोकून, म्हणजे तो उचलता येईल. डाव्या अंगाला, तुझ्या निवडायच्या जागी, भोकांची मऊ चटई. तुकडा सोबत आहे. किनाऱ्याला लागलात की उचलून धू आणि उभी करून वाळव, म्हणजे फळ्यांनाही वारा लागेल. रेघांचं रबर नको, मी स्वतः घसरलो आहे. ही चटई तुझ्या गुडघ्यांसाठी निवडली आहे. तू त्यांच्यावर बसलीस म्हणून मला पेटीवर बसून वाचता आलं. पुढे जे काही झालो, ते त्या पेटीवर झालो. हे मी तुला आजवर सांगितलं नाही. उशिराची माफी कर आणि बोट पाण्यात घाल.'

दोन ठिकाणी खाडाखोड झाली होती. स्वच्छ प्रत काढायला त्यांनी नवा कागद ओढला, घड्याळ पाहिलं, आणि कागद परत ठेवून दिला.

पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. फुगलेलं पाकीट हातात घेऊन खिडकीतल्या बाईने नाक मुरडलं आणि आत काय आहे ते विचारलं. चटईचा तुकडा आणि पत्र, असं ते म्हणाले. परवा पोचेल, बाई म्हणाली. तिने पाकीट तोललं, खाडकन शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.